गोलकीपरचं इष्टलिंग

त्या दिवशी मी इतकी भ्याले होते की आजही नांदेडच्या गाडीची शिट्टी ऐकली की हात आधी गळ्याशी जातो. बायका म्हणतात, त्यात भ्यायचं काय गं, मॅचलाच तर गेली होतीस. हाव, मॅचलाच गेले होते. मॅच बघायला नव्हते गेले.

आधी घरचं सांगते. मी निलंग्याची, नांदेड जिल्ह्यात धर्माबादला दिलेली. घरात आम्ही तिघंच. सासू शरणम्मा, ज्यांना मी अत्या म्हणते, हे आणि मी. हे म्हणजे माझे मालक. नाव मी घेत नाही, अत्यांच्या तोंडून कळेलच तुम्हाला. लातूर नवा जिल्हा झाला तेव्हा तिथल्या एका कचेरीत यांना नोकरी लागली. लहानपणापासून धर्माबादच्या मैदानात मिरच्यांच्या पोत्यांचा गोल रचून बॉल अडवणारा माणूस, तो तिथं साहेबाच्या नजरेत भरला आणि लातूरच्या टीमचा गोलकीपर होऊन बसला. नव्या जिल्ह्याची पहिलीच टीम. पोचली सरळ फायनलला. अन् फायनल कुणाशी? नांदेडशी, नांदेडच्याच स्टेडियमवर! झालं. आमच्या गल्लीतली पोरं दारावरून जाताना मुद्दाम ओरडायची, "काय वहिनी, पाणी नांदेडचं प्यायचं अन् गोल लातूरचा राखायचा व्हय?"

पाणी कुठलं आलंय मेल्यांनो, असं मनात म्हणायची मी. त्या साली आड आटले होते. टँकर यायचा, तो कधी यायचा ते ड्रायव्हरलाही ठाऊक नसायचं.

एका रात्रीपुरते घरी आलेले हे मॅचच्या आदल्या दिवशी सकाळी आईच्या पाया पडले आणि पिशवी घेऊन गाडीला गेले. दुपारी अत्या यांचा मळका सदरा खुंटीवरून काढायला गेल्या. सदऱ्याखाली खुंटीला यांची करडगी लटकत होती. करडगी म्हणजे लिंग ठेवायची चांदीची डबी. आमच्यात प्रत्येकाच्या गळ्यात आपलं आपलं इष्टलिंग असतं. लहानपणी गुरू बांधतो, ते माणूस मातीत जाईपर्यंत अंगावरून उतरत नाही. सकाळी तळहातावर घेऊन पूजा करायची, मगच पाणी तोंडात घालायचं. आणि यांनी ते खुंटीला टांगलं होतं, छत्री टांगावी तसं!

अत्या ओरडल्या नाहीत. भिंतीला धरून खाली बसल्या.

"मडिवाळप्पा," एवढंच म्हणाल्या. मग मला म्हणाल्या, "शिवकांता, त्याच्या अंगावर लिंग चढंपर्यंत माझ्या तोंडात पाण्याचा थेंब जानार न्हाई."

मला वाटलं, बोलायचं म्हणून बोलल्या. रात्री भाकरी वाढली, तशीच राहिली. सकाळी तांब्या पुढं केला, तोंड फिरवलं. आधीच काडीसारखा देह, त्यात उन्हाळा असा की भिंतीला हात लावला तर चटका बसावा. शेजारची नागम्मा डॉक्टरला घेऊन आली. त्यांनी नाडी बघितली, जीभ बघितली आणि मला बाहेर बोलावून म्हणाले, "आज रात्रीपर्यंत पोटात पाणी गेलं नाही तर पुढचं मला सांगता येणार नाही." मी हात जोडले, रागावले, शेवटी रडले. म्हातारी हलली नाही. हट्टी म्हणजे किती हट्टी!

म्हणून मी निघाले. यांना गाठायचं, लिंग अंगावर चढवायचं आणि रात्रीच्या आत परत येऊन अत्यांना सांगायचं. गाठायचं कुठं, तर स्टेडियमवर. टीम कुठं उतरली होती ते कुणालाच माहीत नव्हतं.

सोबतीला रेणुकादास मास्तर आले. यांना शाळेत फुटबॉल शिकवलेला माणूस. मास्तर शिकवताना शूर, एरवी पालीला भिणारे. "सूनबाई, मी असताना काळजी करू नका," असं म्हणाले आणि घरातून निघताना दोनदा कुलूप ओढून बघितलं.

आता लिंग न्यायचं कसं? दुसऱ्याचं लिंग आपल्या गळ्यात घालायचं नाही. पिशवीत चपला-भाकरीबरोबर टाकायचं नाही. जमिनीला तर लावायचंच नाही. मग उरला हात. धुतलेल्या रुमालात करडगी गुंडाळली आणि उजव्या मुठीत घट्ट धरली. माझं स्वतःचं माझ्या गळ्यात होतं, साध्या कापडात बांधून शिवदाऱ्याला, म्हणजे लिंगाच्या दोऱ्याला, अडकवलेलं.

एक मूठ बंद ठेवून गाडीत चढून बघा कधीतरी. पॅसेंजर आली तीच माणसांनी लोंबकळत. पाण्यासाठी बायका रिकाम्या घागरी घेऊन मुदखेडला निघाल्या होत्या, आणि घागरींच्या मधे मॅचला निघालेली पोरं. मास्तरांना आत ढकललं गेलं, मी डाव्या हातानं दांडी धरून पायरीवर लटकले. गाडी सुटली. खाली खडी पळायला लागली आणि माझी पाचावर धारण बसली. उजव्या हातानं धरावं तर मूठ उघडावी लागणार होती. एका बाईनं आपली घागर खाली ठेवून मला दंडाला धरून आत ओढलं म्हणून वाचले.

"हातात काय गं एवढं? सोनं हाय का?" तिनं विचारलं.

"सोनं असतं तर सोडून दिलं असतं मावशी," मी म्हणाले. खरंच दिलं असतं.

आत वेगळीच भीती. पोरं डब्याच्या पत्र्यावर हात बडवत होती. नांदेडच्या नावानं आरोळ्या चालल्या होत्या. उमरीला आणखी घुसली. त्यातला एक, गळ्यात मफलर भर उन्हाळ्यात, बाकावर उभा राहून म्हणाला, "लातूरचा गोलकीपर आपल्या धर्माबादचा हाय म्हणं. गद्दार! आज गोलच्या मागं उभं राहायचं अन् असे दगड हानायचे, आयुष्यात हात वर करनार न्हाई."

खिसा दाखवला त्यानं. खिशात खरंच खडी होती, रुळांमधली.

लिंग नाही अंगावर आणि त्यात हे दगड! अत्या नेहमी म्हणतात, अंगावर लिंग नसलं की माणसाचा घात होतो, तेच खरं होणार, आज यांचं काहीतरी होणार, असं माझ्या मनानं घेतलं ते घेतलंच. मी पदर पुढं ओढला. माझ्या कपाळावर काय लिहिलं होतं की मी त्याच गद्दाराची बायको? पण मला वाटत होतं सगळा डबा माझ्याकडंच बघून राहिलाय.

"काय मास्तर, तुमचाच चेला ना तो?" मफलरवाल्यानं मास्तरांना ओळखलं.

मास्तर पांढरे पडले. "माझा? छे छे. माझे शेकडो चेले. नांदेड जिंदाबाद!" आणि सगळ्यांत मोठ्यानं तेच ओरडायला लागले. मुदखेडपर्यंत ओरडले. घसा बसला त्यांचा. मला राग यायला हवा होता, पण मीही त्या वेळी कुणी विचारलं असतं तर कोण गोलकीपर, असंच म्हणाले असते.

नांदेडला उतरलो. स्टेशनापासून स्टेडियमपर्यंत माणसांचा लोट. लातूरकडचे लोक ट्रक भरून आले होते, त्यांचे वेगळे झेंडे, वेगळ्या घोषणा. "नवा जिल्हा, नवा कप!" असं ते ओरडायचे आणि इकडून शिव्या जायच्या. पोलीस काठ्या घेऊन उभे होते. मला तर काठ्या बघून धीर येण्याऐवजी आणखीच धडकी भरली, कारण काठ्या आणल्या म्हणजे लागणार असतील.

फाटकाशी मास्तर तिकिटं काढायला गेले आणि गेलेच. मी टाचा उंचावून त्यांची टोपी शोधत होते. तेवढ्यात आतून ढोल वाजला, कुणीतरी ओरडलं टीम उतरली, आणि मागची सगळी गर्दी एकदम फाटकावर आली. माझे पाय जमिनीवरून सुटले. खरं सांगते, सुटले. पुढं लोखंडी फाटक, मागं माणसं, छातीत श्वास जाईना. कुणाचं कोपर गळ्यात आलं. कुणाचा हात माझ्या पदरात अडकला, गळ्याला काहीतरी काचलं, मला वाटलं आता इथंच संपले मी. पोलिसाची काठी वाजली, बाया किंचाळल्या. त्या सगळ्यात मला एकच गोष्ट कळत होती, मूठ. मूठ छातीशी धरून मी म्हणत होते, शिवा, शिवा, उघडू देऊ नकोस. फाटक मागं सरलं आणि मी घरातून केर झाडावा तशी आत फेकली गेले.

तिकीट कुणी विचारलंच नाही.

आत जाळीपलीकडं मैदान. अंगभर धूळ, पण मूठ बंद होती. मी जाळीला धरून बघितलं तर हे लांबच्या गोलपाशी. पिवळी जर्सी, लांब बाह्या. पोरं बॉल मारत होती आणि हे झेप घेऊन अडवत होते. त्यांच्या गोलच्या मागं खडीवाली पोरं अजून पोचली नव्हती.

"अहो!" मी हाक मारली.

दहा-बारा गडी माझ्याकडं वळून बघायला लागले. हे काही वळले नाहीत.

"अहो, इकडं!"

"कुनाला बोलवून राहिल्या बाई? हितं समदेच अहो हायेत," एक फुगेवाला म्हणाला आणि सगळे हसले.

काय करणार? डोळे मिटले आणि आयुष्यात पहिल्यांदा ओरडले, "मडिवाळप्पा! ओ मडिवाळप्पाऽऽ!"

यांनी बॉल टाकून दिला. माझा आवाज आणि त्यात स्वतःचं नाव, यांना वाटलं आई गेली. धावतच आले.

"अव्वा? अव्वाला काय झालं?"

"काही न्हाई झालं. होईल पण, तुमच्यामुळं!" मी जाळीतून मूठ पुढं केली. इतका वेळ दाबून धरलेली बोटं उघडेनात, डाव्या हातानं एकेक सोडवावी लागली. "हे खुंटीला टांगलं व्हय तुम्ही? कालपासून पाण्याला शिवल्या न्हाईत त्या. डॉक्टर म्हणतो रात्र निघनार न्हाई."

यांनी करडगीकडं बघितलं आणि बरगडीवर हात ठेवला.

"अगं, परवाच्या मॅचला बॉल छातीवर बसला आन् करडगी बरगडीत घुसली. रेफरी म्हनला गळ्यात काही नको. मी म्हनलं दोन दिवसाचं तर हाय, अव्वाला कळायच्या आत..." हे हळूच म्हणाले. "आता कसं घालू? तो काढायला लावील."

शिट्टी झाली. रेफरी हात करून बोलवत होता. गळ्यात नको तर कुठं? कमरेच्या खाली चालत नाही. मग आठवलं, माझे आजोबा शेतात राबताना दंडाला बांधायचे.

"बाही वर करा."

"काय?"

"बाही वर करा म्हणते ना!"

करडगीतून लिंग काढलं, रुमालात घट्ट गुंडाळलं आणि पदराची कड फाडून यांच्या दंडाला, पार बगलेपाशी, आवळून बांधलं. जाळीच्या भोकातून हात जेमतेम मनगटापर्यंत जात होता, तरी गाठ बसली. बाही खाली आली. बाहेरून काही दिसेना. यांनी डोळे मिटून दंडाला हात लावला, मग कपाळाला लावला.

"आता जा," मी म्हणाले, "आन् गोलच्या मागं पोरं येनार हायेत दगड घेऊन. रेफरीला सांगा. मागं लक्ष असू द्या."

"तू घाबरू नको," हे म्हणाले आणि पळत गेले.

घाबरू नको म्हणे! यांनी पाठ फिरवली, माझा जीव जरा खाली आला आणि सवयीनं हात गळ्याशी गेला. जीव थाऱ्यावर नसला की मी आपलं लिंग चाचपते.

मंगळसूत्र होतं. शिवदारा नव्हता.

मी पोलक्यात बघितलं, पदर झटकला, कमरेशी चाचपलं. तोंडचं पाणी पळालं माझ्या. फाटकातला तो काच आठवला. यांचं मुठीत वाचवत होते तेव्हा माझं तुटून पडलं होतं, आणि वरून हजार पाय गेले होते.

मी फाटकाकडं पळाले. मॅच सुरू झाली होती, मागं आरडाओरडा, आणि मी गुडघ्यावर बसून धुळीत हात फिरवत होते. तुटक्या चपला, शेंगांची टरफलं, एक टोपी. टोपी मास्तरांची होती. लिंग नव्हतं. मोठा गलका उठला की मला वाटायचं यांना दगड बसला. उठून जाळीशी जायची, पिवळी जर्सी उभी दिसली की परत येऊन धूळ चाळायची. पोलीस एका टोळक्याला गोलमागून हाकलत होते, त्यात तो मफलर दिसला. तेवढाच एक घोट श्वास घेतला.

पाणपोईवर एक म्हातारे सरदारजी बसले होते. माझ्याकडं बघून त्यांनी वाटी भरून पुढं केली. "पी ले बेटी." घसा इतका कोरडा पडला होता की वाटीतलं पाणी हललं तरी मला ऐकू येत होतं. हात पुढं गेला आणि थांबला. लिंगाशिवाय पाणी? कालपासून मी अत्यांना हट्टी म्हणत होते. आता माझाच हात पुढं जाईना. कुणी अडवलं नव्हतं, कुणी बघतही नव्हतं. पण पाणी तोंडात घातलं आणि यांना काही झालं तर? मी मान हलवली आणि निघून आले.

मास्तर सापडले, भिंतीच्या सावलीत, बोडके. "सूनबाई! मला वाटलं तुम्ही चेंगरलात. तुमच्या सासूला काय तोंड दाखवू म्हणून इथंच बसलो," असं म्हणून रडायलाच लागले. मी त्यांना टोपी दिली. लिंगाचं सांगितलं नाही. सांगून त्यांना आणखी भिववायचं कशाला? अर्ध्या मॅचमधनंच निघालो, नाहीतर गाडी चुकली असती. परतीच्या गाडीत घागरी भरलेल्या होत्या, प्रत्येक धक्क्याला पाणी हिंदकळायचं. मी खिडकीबाहेर बघत बसले, ओठ मिटून. गाडी उमरीला थांबली ती हलेचना. मला दिसत होतं, मी घरी पोचतेय आणि अंगणात बायका जमल्यात.

अंगणात कुणी नव्हतं. दिवे लागून गेले होते. अत्या आडव्या होत्या, नागम्मा ओल्या फडक्यानं त्यांचे पाय पुसत होती. उशाशी तांब्या भरून ठेवलेला.

"चढवलं, अत्या," मी दारातूनच म्हणाले. "माझ्या हातानं बांधलं. दंडाला. आता पाणी घ्या."

अत्यांनी डोळे उघडले. आवाज कागद चुरगळावा तसा येत होता. "मला बरं वाटावं म्हनून सांगतीस."

"न्हाई हो, खरं."

"लिंगावर हात ठेवून सांग."

कंदील मंद होता, पदर गळ्यापर्यंत होता. नुसता हात ठेवला असता तरी चाललं असतं. सांगायचं होतं तेही खरंच होतं. हात छातीपर्यंत गेला. तिथं काहीच नव्हतं आणि रिकाम्या जागेवर हात ठेवून शपथ घ्यायला माझं धाडस होईना. आणि खरं सांगितलं तर? म्हातारी सुनेच्या नावानं परत तोंड मिटून बसली तर?

"ठेव की हात," अत्या म्हणाल्या.

"कशावर ठेवू?" मी एकदम ओरडले. "न्हाई माझ्या गळ्यात! तुमच्या लेकाचं मुठीत धरलं म्हनून माझं तुटलं. गर्दीत गेलं. हाताला लागलं न्हाई. आता तुम्ही बी पिऊ नका, मी बी पीत न्हाई. पडू दोघी हितंच!" आणि भिंतीशी बसून मी हमसून हमसून रडायला लागले. रडायला डोळ्यांत पाणी नव्हतं, नुसता घसा ओरबाडत होता.

नागम्माच्या हातातलं फडकं तसंच राहिलं.

मग अत्या कोपरावर उठल्या. मला म्हणाल्या, "कवापासून पाणी न्हाई तुझ्या पोटात?"

"मॅच सुरू झाल्यापासून."

"कुनी दिलं न्हाई?"

"दिलं. मीच न्हाई घेतलं."

अत्यांनी तांब्या उचलला. थोडं पाणी गोधडीवर सांडलं. त्यांनी तो माझ्या तोंडाशी आणला.

"पी."

"न्हाई अत्या. आधी तुम्ही."

"तू प्यालीस तर मी पिते. तू न्हाई तर मी न्हाई."

"मला कसं चालंल? माझ्या गळ्यात..."

"मला ठाऊक हाय काय हाय आन् काय न्हाई. तोंड उघड पोरी."

यांचा विचार मनात आला. त्या वेळी हे कुठं होते, धड होते का, काही कळायला मार्ग नव्हता. मी हे पाणी प्याले आणि तिकडं काही झालं तर जन्मभर मलाच खात राहील ते. आणि नाही प्याले तर ही समोरची म्हातारी माझ्यासाठी मरणार होती. जिनं लेकासाठी नियम मोडला नाही, ती माझ्यासाठी तांब्या धरून बसली होती.

मी डोळे मिटले आणि प्याले. घोट खाली उतरताना घरावर वीज पडेल म्हणून मी अंग चोरून बसले होते. काही झालं नाही. बाहेर नागम्माची शेळी ओरडली तेवढंच.

मग अत्यांनी तांब्या माझ्या हातातून घेतला आणि घटाघटा प्यायल्या.